मेळाव्यात 'निवड' झालेलं पोरगं सतरा दिवसांत परत का आलं? (खुलं पत्र)

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यात रोजगाराचं नियोजन करणारे सगळे साहेब, कौशल्य विकासवाले, आयटीआय चालवणारे, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले एमआयडीसीतले कारखानदार मालक यांना

सप्रेम नमस्कार.

मी शिरोलीत एका मशीनशॉपला सेटर आहे, एकोणीस वर्षं झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, व्हीएमसी मशीनवर (कॉम्प्युटरवर चालणारं, धातू कापून आकार देणारं मशीन) फिक्श्चर म्हणजे जॉब घट्ट धरायचा साचा लावायचा, टूल बसवायचं, ऑफसेट घ्यायचा म्हणजे टूलचं माप मशीनला भरून द्यायचं, पहिला पीस काढून क्वालिटीला द्यायचा आणि ओके आला की मशीन ऑपरेटरच्या ताब्यात देऊन पुढच्या मशीनकडं जायचं. वीस मायक्रॉनचा फरक पडला की जॉब रिजेक्ट, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि डोक्याचा केससुद्धा त्याच्या तिप्पट जाड असतो. पत्र लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

परवा एका रोजगार मेळाव्याला गेलो होतो. स्टेजवरून एक साहेब माईक हातात घेऊन म्हणाले, "जिल्ह्यात कामाला तोटा नाही, आमच्या पोरांनाच कष्ट नको झालेत, सगळ्यांना खुर्ची पाहिजे." टाळ्या पडल्या. मी मागच्या लाईनीत बसलेलो, टाळ्या वाजवणाऱ्यांत दोघंतिघं आमच्याच एमआयडीसीतले होते. मेळावा कुठला, साहेब कोण, नाव घेत नाही. एकाचं नाव घेतलं की सगळं भांडण त्या नावावर चालतं आणि बाकीचे सुटतात, आणि हे वाक्य काय एकट्यानं म्हटलेलं नाही, गेल्या पाच-सात वर्षांत मी ते दहा जणांच्या तोंडून ऐकलंय. आता तशाच पद्धतीनं पुढचा मेळावा घ्यायचं ठरलंय म्हणे, तेच स्टॉल, तोच मंडप. म्हणून म्हटलं लिहूनच टाकूया.

आधी मालक लोकांची बाजू सांगतो, कारण ती खोटी नाही. आमच्या शॉपमध्ये दोन मशीनवर प्लॅस्टिकचा कागद घातलाय. मशीन चांगली आहेत, ऑर्डर आहे, ऑपरेटर नाही. मालक रोज मला विचारतात, कुणी पोरगं आहे का बघ की. शेजारच्या फौंड्रीत (लोखंड वितळवून ओतायचा कारखाना) तर दिवाळी आणि छटपूजेला बिहार-यूपीची माणसं गावी गेली की कोअर शॉप, म्हणजे साच्यात घालायचे वाळूचे गाभे करायचं खातं, अर्धं बंद पडतं. जिल्ह्यात तीनशेच्या आसपास फौंड्री आहेत, ट्रकचे, ट्रॅक्टरचे ब्रेक ड्रम, हाऊसिंग, ब्लॉक इथून देशभर जातात, आणि ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक गेटवर 'पाहिजेत' ची पाटी लटकलेली आहे. म्हणजे माणूस मिळत नाही हे खरंच आहे.

पण आता माझ्या भाच्याची गोष्ट ऐका.

पोरगं पन्हाळा तालुक्यातलं, बी.ए. झालंय, इतिहास घेऊन. तीन वर्षं पोलीस भरती केली. पहाटे साडेचारला उठून डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर, मग गोळा, मग घरी येऊन दोन म्हशींच्या धारा काढायच्या आणि डेअरीत दूध घालून अभ्यासिकेत. २०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले सतरा लाखांच्या वर. म्हणजे शंभरात एक. त्याच्या आदल्या वर्षी तलाठीची ४,६४४ जागांची भरती निघाली, दहा लाखांच्या वर अर्ज, फी हजार रुपये, ती पण भरली. दोन्हीकडं काही झालं नाही. मग मीच त्याला म्हटलं, बाबा सोड आता, एमआयडीसीला ये. आणि मीच त्याला मेळाव्याला पाठवलं (परवाचा नाही, त्याच्या आधीचा एक). म्हणून हे सगळं माझ्या डोक्यावर आहे, बहिणीला उत्तर मला द्यावं लागतंय.

मेळाव्यात स्टॉलवर कागद चिकटवलेला, 'ऑपरेटर, १२ जागा, आयटीआय / पदवीधर'. पगार किती विचारलं तर टेबलावरची मॅडम म्हणाली इंटरव्ह्यूला सांगतील. बायोडाटाची झेरॉक्स घेतली, आधार घेतलं, आणि दुपारी तीनला स्टेजवर बोलावून पाहुण्यांच्या हस्ते निवडपत्र दिलं, फोटो काढला. तो फोटो आमच्या बहिणीनं अजून स्टेटसला ठेवलाय, मला ते बघवत नाही.

सोमवारी दिलेल्या पत्त्यावर गेला तर ते ठेकेदाराचं ऑफिस, एका गाळ्यात. कंपनी वेगळी, कागदावरचं नाव वेगळं. तिथून त्याला एका फौंड्रीत फेटलिंगला पाठवलं. ज्यांनी फेटलिंग बघितलं नाही त्यांना सांगतो, कास्टिंग निवलं, वाळू झाडली की त्याच्या कडेला जे वाढीव लोखंड राहतं ते हातातल्या ग्राइंडरनं घासून काढायचं. दिवसभर ठिणग्या आणि काळी धूळ. मास्क म्हणून पांढरं कापड देतात, जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते काळं झालेलं असतं, संध्याकाळी अंघोळ केली तरी नाक शिंकरलं की काळंच येतं. ऑपरेटर म्हणून निवडलेला माणूस कुठलीच मशीन ऑपरेट करत नव्हता.

आठ तासाचे ४३०, आणि वर चार तास थांबायचंच, त्या चार तासाला त्याच दरानं. जादा तासाला डबल द्यायचं १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून लिहिलेलं आहे, पण ठेकेदाराच्या वहीत ते पान नव्हतं. गाव ते शिरोली जाऊनयेऊन साठ किलोमीटर, एसटी त्या वेळेला नाही, म्हणून मित्राची गाडी, पेट्रोल याचं. पीएफ कापला म्हणाले, नंबर विचारला तर पुढच्या महिन्यात देतो म्हणाले. म्हशी पहाटे बहीण एकटी बघायला लागली. सतराव्या दिवशी गाडीवर डोळा लागला, पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडं रस्त्याकडेला गेली गाडी, नशीब खरचटण्यावर भागलं. अठराव्या दिवशी गेला नाही.

आता मला एक सांगा, मेळाव्याच्या बातमीत जो 'इतक्या तरुणांना रोजगार' असा आकडा आला त्यात हे पोरगं आहे का नाही? आहे. आणि परवा 'पोरांना कष्ट नकोत' म्हणाला तुम्ही, त्यात पण तेच आहे. दोन्ही हिशोबात एकच पोरगं.

माझं म्हणणं एवढंच आहे की मालक म्हणतात माणूस नाही, पोरं म्हणतात काम नाही, आणि दोघंही खरं बोलतात, कारण काम नेमकं काय, पगार हातात किती, पाळी कुठली, कंपनीच्या हजेरीवर का ठेकेदाराच्या, हे ह्या जिल्ह्यात कुणीच कागदावर लिहून सांगत नाही. बाजारात वांगी घ्यायला गेलो तरी भाव विचारला की लगेच सांगतात. इथं पोरगं आयुष्याची दहा वर्षं टाकायला आलंय आणि त्याला भाव इंटरव्ह्यूला सांगतात.

तक्रारी सांगतो, जशा डोक्यात येतात तशा.

पहिली यादीची. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या राज्यानं जर्मनीतल्या एका राज्याशी करार केला, दहा हजार कुशल पोरं पाठवायची म्हणून. त्याचा जीआर निघाला त्यात तिकडं कुठली माणसं लागतात ते सगळं लिहिलेलं, नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर, स्वयंपाकी, सगळं. पुढं त्याचं काय झालं तो विषय वेगळा. पण बघा की, जर्मनीला काय लागतं ते सरकारी कागदावर आहे आणि शिरोलीला काय लागतं ते गेटवरच्या पत्र्यावर खडूनं लिहिलेलं आहे, तेपण पाऊस पडला की पुसतं. मी गेले दोन महिने येताजाता त्या पाट्यांचे मोबाईलवर फोटो काढतोय, चाळीसएक झालेत. त्यात पगार लिहिलेल्या पाट्या दोन आहेत. दोन!

आणि कायदा नाही असं पण नाही. १९५९ पासून कायदा होता की पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनेनं रिकाम्या जागा रोजगार कार्यालयाला कळवायच्या आणि दर तिमाहीला ईआर-१ नावाचं विवरण भरायचं. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये घातलाय. म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ कागद भरायची सोय आहे. ते कागद भरले जातात का, भरले तर त्यातलं काय बाहेर येतं, हे मी एकोणीस वर्षांत एकदाही कुठल्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर बघितलेलं नाही.

दुसरी गोष्ट पाळीची, आणि ही माझ्या मते सगळ्यात मोठी आहे. लोक म्हणतात बाहेरची माणसं येऊन आमच्या पोरांचं काम घेतात. मी त्या माणसांबरोबर जेवतो, मला ते पटत नाही. आमच्या बाजूच्या फौंड्रीत मोल्डिंगला एक माणूस आहे, बिहारचा, चौदाशे डिग्रीचं लोखंड ओतताना लाडल (ओतायचं भांडं) असा धरतो की एक थेंब बाहेर जात नाही, त्याच्याइतकं काम येणारा आमच्यात कुणी नाही. पण तो राहतो कसा? गेटपासून पाच मिनिटांवर एका खोलीत आठ जण, चार दिवसपाळीला असताना चार झोपलेले. घर दीड-दोन हजार किलोमीटर लांब. त्याला बारा तास चालतात कारण खोलीवर जाऊन करायचं काय. सगळा कारखाना आता त्याच्या हिशोबानं लागलेला आहे. आमच्या पोराला घर आहे, आईबाप आहेत, वीस गुंठे ऊस आहे, म्हशी आहेत, आणि येऊन-जाऊन दोन तास आहेत. त्याचे बारा तास चौदा होतात. हा आळस नाही, हे साधं गणित आहे, आणि वर २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळानं कामाचे तास दिवसाला नऊवरून बारापर्यंत न्यायला मंजुरी दिली, म्हणजे जे चोरून चालत होतं त्याला दार उघडलं. आठवड्याचे अठ्ठेचाळीसच राहणार आहेत म्हणतात. ते मोजणार कोण, ठेकेदाराची वही?

तिसरं, गाडीचं. चाकणला आमच्या भागातली पोरं लै आहेत, दुपारी कँटीनमध्ये बसलं तर पन्हाळा-राधानगरीचीच बोली ऐकू येते. तिथं हेच व्हीएमसीचं काम करतात. का गेली? पगार चार-पाच हजारानं जास्त हे आहेच, पण कंपनीची बस आहे, जेवण आहे, महिन्याच्या सात तारखेला पैसे आहेत. इथं एसटीत बायकांना २०२३ पासून निम्मं तिकीट केलंत, चांगलं केलंत, पण सकाळी सातच्या पाळीला पोचेल अशी एसटीच नसेल तर निम्मं तिकीट कशाचं काढायचं? आमच्याकडं क्वालिटीला दोन पोरी आहेत, डिप्लोमा झालेल्या, गेज लावून मापं घेतात, एकदा पण चूक नाही. त्यातली एक वडगावकडनं येते, तिला तिचा भाऊ सोडायला येतो, भावाला काम लागलं की हिचं काम सुटणार असं ती स्वतःच हसत सांगते. आणि आमच्या लाईनीत बायकांचं बाथरूम असलेले गाळे किती, हे विचारू नका.

चौथं, आयटीआय आणि 'प्रशिक्षण'. आयटीआयतनं पास झालेलं फिटर, मशिनिस्ट पोरगं आमच्याकडं येतं त्याला ड्रॉइंग वाचता येतं अर्धंमुर्धं, लेथ चालवता येतो, पण व्हीएमसीच्या कंट्रोलसमोर उभं केलं की हात मागं घेतं. त्याची चूक नाही, दोन वर्षांत त्याच्या वाट्याला ती मशीन किती तास आली ते त्याला विचारा. सर लोक तासावर, मानधनावर. मला दोन वेळा वाटलं जाऊन सांगावं की शनिवारी मी येतो, फुकट शिकवतो, पण जायचं कुणाकडं तेच कळेना.

आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, लाडका भाऊ म्हणा. बारावीला महिन्याला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीला दहा, आधी सहा महिने मग वाढवून अकरा. आमच्या गल्लीतलं एक पोरगं मेकॅनिकल डिप्लोमा झालेलं, त्याला एका ऑफिसात बसवलं, अकरा महिने झेरॉक्स आणि आवकजावक. अकरा महिन्यानं बाहेर आला तेव्हा कॉलेजात शिकलेलं मशीनचं पण विसरला होता. तेच पोरगं अप्रेंटिस म्हणून आमच्यात आलं असतं तर आज सेटर झालं असतं. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, हे आमच्या किती मालकांना माहीत आहे? मालकांनो रागावू नका, तुम्हाला माहीत आहे ते मला माहीत आहे. अप्रेंटिस घेतला की त्याला शिकवायला लागतं आणि शिकला की चाकणला जातो, ही तुमची भीती. पण मग माणूस नाही म्हणून रडायचं पण नाही.

पाचवं थोडक्यात. फक्त फौंड्री म्हणजे जिल्हा नाही. बाकीकडं काय चाललंय ते कुणी जोडून सांगत नाही. इचलकरंजीत साधे माग भंगारात चाललेत, हवेच्या झोतावर चालणारे एअरजेट माग येतायत, तिथं दहा माग बघणारा जुना कामगार नकोय, ती मशीन दुरुस्त करणारा फिटर पाहिजे, आणि त्याचं शिक्षण कुठं मिळतं हे त्या जुन्या कामगाराच्या पोराला कुणी सांगितलं नाही. ऊसतोडीला बीडकडनं टोळ्या कमी येतात, मुकादम उचल घेऊन गायब होतात, म्हणून हार्वेस्टर वाढलेत, पण हार्वेस्टर चालवणारा आणि बंद पडला तर रात्री शेतात उभा राहून चालू करणारा माणूस हुडकायला फिरावं लागतं. सोलर पंप आणि छतावरचे पॅनल बसवणारी पोरं मिळत नाहीत. हुपरीत चांदी लाखाच्या वर गेल्यापासून हातात काम कमी आणि पैंजणाला घुंगरू जोडणाऱ्या बायका घरात बसून. दवाखान्यांना नर्स पाहिजेत, म्हातारी माणसं सांभाळायला बायका पाहिजेत, पोरं पुण्याला नाहीतर परदेशात. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सहा जिल्ह्यांची माणसं कोल्हापुरात येतात. मी एका वादाच्या कामाला तिकडं गेलो होतो (भावकीची जमीन, सोडा), तिथं एक पोरगं लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर घेऊन चहाच्या टपरीच्या बाकावर बसलेलं, मराठी कागदाचं इंग्लिश करून टाईप करून देत होतं, पानावर पैसे. समोर चार जण नंबर लावून. हे काम दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरात नव्हतं. आमच्या भाच्याचं इंग्लिश बरं आहे, त्याला हे कुणी आधी सांगितलं असतं तर तो फेटलिंगला कशाला गेला असता. असल्या गोष्टी पोरांना टपरीवर कळतात, तुमच्या केंद्रात नाही.

आता मागण्या. पैशाचं फार काही नाही ह्यात.

दर तीन महिन्यांनी जिल्ह्याची एक यादी काढा, तालुक्यावार. कामाचं खरं नाव (फेटलिंग असेल तर फेटलिंग लिहा, ऑपरेटर नको), हातात पडणारा पगार, पाळीचे तास, कंपनीच्या हजेरीवर का ठेकेदाराच्या, आणि काम कुठल्या गावात. पोर्टलवर टाका, पण तेवढ्यावर थांबू नका, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, डेअरीत आणि अभ्यासिकांच्या दारावर लावा. पोरगं दूध घालायला रोज जातं, पोर्टलवर रोज जात नाही.

पगार लिहिलेला नसेल त्या कंपनीला मेळाव्यात टेबल देऊ नका. ठेकेदार असेल तर टेबलावर ठेकेदार म्हणून पाटी लावा.

मेळाव्याचा आकडा त्या दिवशी छापू नका. सहा महिन्यांनी छापा. किती जण अजून कामावर आहेत, किती जणांचा पीएफ नंबर तयार झाला. पीएफचा नंबर काढायला अर्धा तास लागत नाही, त्यामुळं हे मोजता येत नाही असं सांगू नका.

सातच्या आणि तीनच्या पाळीला एसटी आणि केएमटी (कोल्हापूरची शहर बस) सोडा, पन्हाळा, करवीर, हातकणंगले, कागल ह्या चार बाजूंनी तरी. मालकांनी महिन्याचे पास काढून द्यावेत, मी आमच्या मालकांशी बोललोय, ते तयार आहेत, बाकीचे पण होतील.

ज्यांना लांबून येणं जमत नाही त्यांच्यासाठी एमआयडीसीत राहायची सोय करा, पोरांची वेगळी, पोरींची वेगळी. शाहू महाराजांचं नाव तुमच्या प्रत्येक भाषणात असतं. खेड्यातलं पोर शिकायचं तर त्याला शहरात राहायला जागा लागते हे महाराजांना १९०१ ला कळलं होतं, त्यांनी बोर्डिंगं काढली. काम करायला पण जागा लागते हो.

आयटीआयतली मशीन संध्याकाळी चारनंतर कुलपात ठेवू नका. संध्याकाळची बॅच काढा, आणि शिकवायला आमच्यासारख्यांना बोलवा. डिग्री नाही म्हणून दारातनं परत पाठवू नका, मशीनला डिग्री कळत नाही.

आणि फेटलिंग, कोअर शॉप, मेल्टिंग ह्या खात्यांत धूळ ओढणारी यंत्रणा, खरा मास्क आणि वर्षाला छातीचा फोटो नसेल तर त्या कारखान्यानं पोरं मागू नयेत, तुम्ही पाठवू नयेत. माझ्या ओळखीचे दोन जुने फेटलर आहेत, जिना चढताना मध्येच बसतात. पन्नाशीच्या आतले आहेत.

शेवटचं, स्टेजवरून पोरांना आळशी म्हणणं बंद करा. म्हणायचंच असेल तर आधी एक दिवस, पूर्ण बारा तास, कापडाचा मास्क लावून ग्राइंडर धरा. मी रजा टाकून शेजारी उभा राहतो.

भाचा सध्या माझ्याकडं आहे. मालकांना सांगून त्या झाकलेल्या दोन मशीनपैकी एकीवरचा प्लॅस्टिकचा कागद काढलाय, रोज पाळी संपल्यावर दीड तास त्याला शिकवतोय. पहिल्या आठवड्यात त्यानं एक टूल मोडलं, दोन हजाराचं, ते माझ्या पगारातनं कापलं, चालायचंच. काल त्यानं स्वतः ऑफसेट घेऊन पीस काढला, क्वालिटीतल्या पोरीनं तीन वेळा मोजला, बारा मायक्रॉनमध्ये होता. पगाराचं मालकांशी अजून ठरायचंय, मी सोळा मागितलेत, हातात, आठ तासाचे, ते तेरा म्हणालेत. दुसऱ्या मशीनवर कागद अजून तसाच आहे.

आपला,
एक सेटर, शिरोली एमआयडीसी
(ह्या आठवड्यात दुसरी पाळी, फोन रात्री साडेअकरानंतर लागेल)